प्रतिमांचे स्थलांतर : टी. नगरातील शिवाजी आणि ‘चांदोबा’तील वेताळ

१

भारतीय भाषांतील परस्परव्यवहाराचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणेच शब्दांकडे जाते. कोणती कृती कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत आली, भाषांतर मूळ संहितेवरून झाले की मधल्या एखाद्या भाषेवरून, रूपांतरकाराने काय गाळले व काय घातले, ह्या प्रश्नांची चर्चा आपल्याकडे बरीच झालेली आहे. तथापि छापील चित्र, नाटकमंडपातील वेश, चित्रपटाचा रंगविलेला फलक आणि मुलांच्या मासिकाचे पान ह्यांच्या द्वारा विसाव्या शतकात दुसरी एक देवघेव चालू होती. ती शब्दांच्या देवघेवीपेक्षा अधिक वेगवान होती आणि साक्षरतेच्या मर्यादेत अडकून पडणारी नव्हती. कलासमीक्षेने तिला ‘लोकप्रिय’ म्हणून बाजूला ठेवले. साहित्यसमीक्षेने ती चित्रांची म्हणून सोडून दिली. अशा रीतीने दोन शास्त्रांच्या सीमेवर ती बेवारस राहिली.

ह्या देवघेवीची पाहणी करण्यासाठी चेन्नईतील त्यागरायनगर, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले टी. नगर, आणि त्याच्या पश्चिमेचा कोडंबक्कम्-वडपळनी हा परिसर विशेष सोयीचा आहे. तमिळ आणि तेलुगू चित्रसृष्टीचे हे माहेरघर. मराठीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे, की येथून एकमेकींच्या विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन प्रतिमांचा मागोवा घेता येतो. एक प्रतिमा महाराष्ट्रातून येथे आली व येथलीच झाली, ती शिवाजीची. दुसरी येथे रेखाटली गेली व महाराष्ट्रातील घराघरांत जाऊन मराठी झाली. ती विक्रमाच्या खांद्यावरील वेताळाची. प्रवासात ह्या दोन्ही प्रतिमांचे काय झाले, आणि त्यावरून साहित्याच्या अभ्यासकाने काय ध्यानात घ्यावे, हा येथील विचाराचा विषय आहे.

२

टी. नगर हे जुने गाव नव्हे. मैलापूरच्या बाजूचा विस्तीर्ण लांबट तलाव बुजवून १९२३ च्या सुमारास ह्या वसाहतीची आखणी सुरू झाली. तिला नाव मिळाले सर पी. त्यागराय चेट्टी ह्यांचे. १९१६ साली स्थापन झालेल्या जस्टिस पार्टीच्या संस्थापकांपैकी ते एक होत. वसाहतीच्या मध्यभागी असलेले पनगल पार्क त्याच पक्षाचे नेते व मद्रास इलाख्याचे मुख्यमंत्री पनगलचे राजे ह्यांच्या नावाचे. पाँडी बझार हे नाव सौंदरपांडियन् नाडार ह्यांच्या नावावरून रूढ झालेले. थोडक्यात, टी. नगरचा नकाशा म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीची एक नामावळीच होय. महाराष्ट्रातील सत्यशोधक परंपरा ज्यांना परिचित आहे त्यांना ह्या नकाशात एक ओळखीचा सूर लागेल, आणि पुढे यावयाच्या शिवाजीच्या कथेशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे.

पुढील काळात वसाहतीच्या पश्चिमेस, लोहमार्गापलीकडे कोडंबक्कम् व वडपळनी येथे चित्रपटनिर्मितीचे स्टुडिओ उभे राहिले आणि नट, दिग्दर्शक, लेखक, गायक ह्यांची वस्ती टी. नगरात वाढली. एम्. जी. रामचंद्रन् ह्यांची येथील आर्कॉट स्ट्रीटवरील वास्तू आज स्मारक म्हणून जतन केलेली आहे. शिवाजी गणेशन् ह्यांचे ‘अन्नै इल्लम्’ हे घर साउथ बोग रोडवर. तो रस्ता आता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पूर्वेस अण्णा सालै, म्हणजे पूर्वीचा माउंट रोड, हा चित्रपटांच्या प्रचंड फलकांचा रस्ता होता. पश्चिमेस प्रतिमा चित्रित होत, पूर्वेस त्या रंगवून उभ्या केल्या जात, आणि त्या प्रतिमांचे धनी मधल्या टी. नगरात राहत, अशी ही रचना होती.

ह्या फलकांची कला स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. चित्रपटातील छायाचित्रावर चौकटी आखून घ्यावयाच्या, त्याच चौकटी कित्येक पटींनी मोठ्या करून कापडावर उतरावयाच्या, आणि मग चेहऱ्यावर गुलाबी, जांभळा, हिरवा असे निसर्गात त्या ठिकाणी न आढळणारे रंग भरावयाचे, ही तिची सामान्य रीत. दुरून व धावत्या वाहनातून पाहणाऱ्याला चेहरा क्षणात ओळखू यावा, हा ह्या रंगयोजनेचा हेतू असे. प्लायवुड कापून उभे केलेले ‘कटआउट’ ही तिची पुढची पायरी. आधी नटाचे आणि मग राजकीय पुढाऱ्याचे कटआउट एकाच हाताने रंगविले जात, आणि तमिळ राजकारणात नट हाच पुढारी होऊ लागल्यावर तर त्यांच्यातील भेदच उरला नाही. एम्. एस्. एस्. पांडियन् ह्यांचे रामचंद्रन् ह्यांच्या प्रतिमेवरील पुस्तक (१९९२) आणि प्रेमिंदा जेकब ह्यांचा दाक्षिणात्य चित्रफलकांवरील अभ्यास (२००९) ह्या विषयाची गंभीर दखल घेतात. मराठी वाचकाला ही कला सर्वस्वी परकी नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर ह्यांनी विसाच्या दशकात आपल्या मूकपटांची जाहिरातचित्रे स्वतः रंगविली, मुंबईत म. फि. हुसेन ह्यांनी उमेदवारीच्या काळात चित्रपटांचे फलक रंगवून पोट भरले. आणि कोल्हापूरचे फलकचित्रकार जी. कांबळे ह्यांनी रंगविलेले शिवछत्रपतींचे चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. फलकाच्या कुंचल्यातून राष्ट्रपुरुषाचे अधिकृत रूप निघावे, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

३

तमिळ प्रदेशाचा शिवाजीशी असलेला ऐतिहासिक संबंध सर्वश्रुत आहे. १६७७ च्या कर्नाटक मोहिमेत महाराज ह्या भागात आले होते. चेन्नईतील काळिकांबाळ मंदिराची परंपरा त्यांनी तेथे दर्शन घेतल्याचे सांगते. व्यंकोजीच्या वंशाने तंजावरवर १८५५ पर्यंत राज्य केले, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला. तरीही आधुनिक तमिळ मनातील ‘शिवाजी’ हा तंजावरमार्गे आला नाही. तो नाटकमंडपातून आला.

सी. एन्. अण्णादुरै ह्यांनी १९४५-४६ च्या सुमारास ‘शिवाजी कंड इंदु राज्यम्’ हे नाटक रंगभूमीवर आणले. विषय राज्याभिषेकाचा. पराक्रमाने राज्य मिळविलेल्या पुरुषाला वर्णाच्या आक्षेपापुढे थांबावे लागते, आणि त्याच्या अभिषेकाला शास्त्राधार देण्यासाठी काशीहून गागाभट्टास यावे लागते, ह्या प्रसंगावर द्रविड चळवळीच्या लेखकाने आपले प्रचारनाट्य उभारले. गागाभट्टाची भूमिका स्वतः अण्णादुरै करीत. शिवाजीच्या भूमिकेसाठी प्रथम एम्. जी. रामचंद्रन् ह्यांचा विचार झाला होता. अखेर ती व्ही. सी. गणेशन् ह्या १९२८ साली जन्मलेल्या तरुण नटाकडे गेली. ते पाहून पेरियार ई. वे. रामस्वामी ह्यांनी त्याला ‘शिवाजी’ असे संबोधिले, आणि हे नाव त्याला जन्मभर चिकटले. १९५२ च्या ‘पराशक्ति’पासून पडद्यावर आलेला शिवाजी गणेशन् तो हाच.

मराठी अभ्यासकाला येथे सहजच महात्मा फुले ह्यांच्या १८६९ च्या पोवाड्याचे स्मरण होईल. शिवाजीला शूद्रातिशूद्रांचा, रयतेचा राजा म्हणून पाहण्याची दृष्टी त्या पोवाड्याने मराठीत आणली. अण्णादुरै ह्यांचे नाटक आणि फुले ह्यांचा पोवाडा ह्यांच्यामध्ये शतकाच्या तीन चतुर्थांशाचे आणि एका भाषेचे अंतर आहे. परंतु दोहोंतील प्रश्न एकच आहे. कर्तृत्वाने मिळविलेल्या अधिकाराला जन्माच्या प्रमाणपत्राची गरज का भासावी, हा तो प्रश्न. जस्टिस पार्टीच्या नेत्यांची नावे अंगाखांद्यावर बाळगणाऱ्या टी. नगरात पुढे ह्याच नटाचे घर व्हावे, हा योगायोग असला तरी तो निरर्थक नाही.

मात्र नाव नटाला चिकटल्यानंतर हळूहळू प्रश्न मागे पडला आणि नट उरला. तमिळ प्रेक्षकाच्या दृष्टीने ‘शिवाजी’ ह्या शब्दाचा पहिला अर्थ अभिनयाशी जोडला गेला. घनगंभीर आवाज, लांबलचक स्वगते, ताठ मान, भुवयांची हालचाल हे सारे त्या एका शब्दात सामावले. त्यांचे कटआउट उभे राहिले ते राजा, पोलीस अधिकारी, शेतकरी, भक्त अशा नाना वेशांत. त्या सर्वांवर नाव एकच, शिवाजी. १९७० च्या ‘रामन् एत्तनै रामनडी’ ह्या चित्रपटात त्यांनी एका प्रसंगापुरता छत्रपतींचा वेश पुन्हा धारण केला. एव्हाना प्रेक्षकांच्या लेखी क्रम उलटला होता. शिवाजी आता शिवाजीची भूमिका करीत होता, आणि पहिला शिवाजी कोण ह्याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

ह्याच काळात महाराष्ट्रात काय घडत होते तेही पाहण्याजोगे आहे. १९५२ सालीच भालजी पेंढारकर ह्यांचा ‘छत्रपती शिवाजी’ हा चित्रपट आला, आणि त्यातील चंद्रकांत मांढरे ह्यांचा चेहरा एका पिढीपुरता महाराजांचा चेहरा झाला. येथे नटाने राजाला चेहरा दिला. तेथे राजाने नटाला नाव दिले. देवघेव दोन्हीकडे झाली, पण हिशेब उलटा आहे.

ह्या नावाची सत्ता किती दृढ होती, ह्याची साक्ष पुढे एका मराठी भाषक तरुणाने दिली. १९५० साली बंगळूरला मराठी कुटुंबात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड नट होण्यासाठी मद्रासला आला, तेव्हा दिग्दर्शक के. बालचंदर ह्यांनी त्याचे नाव बदलून रजनीकांत असे ठेवले. कारण त्या नगरीत ‘शिवाजी’ हे नाव आधीच दुसऱ्याच्या मालकीचे झाले होते. १९७५ च्या ‘अपूर्व रागंगळ्’मध्ये तो नव्या नावाने पडद्यावर आला. ज्याला हे नाव भूमिकेतून मिळाले त्याच्याकडे ते राहिले, आणि ज्याला ते पाळण्यात मिळाले होते त्याला ते सोडावे लागले. पुढे २००७ साली वडपळनीच्या ए. व्ही. एम्. संस्थेने ‘शिवाजी’ ह्याच नावाचा चित्रपट काढला, आणि त्यातील नायक रजनीकांत होते. पण तोवर त्या नावात रायगड कोठेही उरला नव्हता.

४

आता उलट दिशेचा प्रवास पाहावयाचा. टी. नगरहून आर्कॉट रोडने पश्चिमेकडे तीन-चार किलोमीटर गेले की वडपळनी लागते. तेथे बी. नागी रेड्डी ह्यांचे विजय-वाहिनी स्टुडिओ होते, आणि त्यांच्याच मालकीचे ‘चंदामामा’ मासिकही तेथूनच निघे. जुलै १९४७ मध्ये नागी रेड्डी आणि चक्रपाणी ह्यांनी हे मासिक तेलुगू व तमिळ ह्या दोन भाषांत सुरू केले. कन्नड व हिंदी आवृत्त्या १९४९ साली निघाल्या, आणि १९५२ साली मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ ह्या नावाने अवतरली. पुढे गुजराती, इंग्रजी, ओडिया, बंगाली, असमिया, आणि १९८४ पासून संस्कृत अशी भाषांची संख्या वाढत गेली. मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना ‘मद्रास २६’ हा टपालविभाग प्रथम ठाऊक झाला तो ह्या मासिकामुळे.

मराठीत बालवाङ्मयाची परंपरा तेव्हा नवी नव्हती. वा. गो. आपटे ह्यांचा ‘आनंद’ १९०६ पासून निघत होता. परंतु ‘चांदोबा’त जे होते ते ‘आनंद’सारख्या मासिकांत नव्हते, ते म्हणजे जवळजवळ प्रत्येक पानावरील चित्र. मासिकाची रचनाच तशी होती. मजकूर मुख्यतः तेलुगूत सिद्ध होई. १९५२ पासून १९८० पर्यंत कोडवटिगंटि कुटुंबराव ह्या मान्यवर तेलुगू लेखकाने संपादनाची धुरा वाहिली. त्या मजकुराची भाषांतरे होत, आणि चित्रे मात्र सर्व आवृत्त्यांत तीच राहत. पानावरील चित्राची जागा ठरलेली असल्याने प्रत्येक भाषेतील मजकुराला उरलेल्या जागेत मावावे लागे. अनुवादाच्या अभ्यासकाने ही गोष्ट बारकाईने लक्षात घेतली पाहिजे. सामान्यतः मजकूर हा मूळ आणि चित्र हे त्याचे अनुषंगिक मानले जाते. येथे भाषांतरकाराच्या दृष्टीने स्थिर वस्तू चित्र हीच होती, आणि शब्द चित्राच्या कडेने वळत होते. ‘चांदोबा’ची मराठी साधी, आटोपशीर व वर्णनात काटकसरी का वाटते, ह्या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग तरी ह्या पृष्ठरचनेत शोधावा लागेल. राजवाड्याचे वर्णन करण्याची लेखकाला गरज नव्हती. राजवाडा शेजारीच होता.

ही चित्रे काढणारे कोण होते? ‘चित्रा’ ह्या सहीने मराठी वाचकाला एखाद्या स्त्रीचा भास होणे स्वाभाविक होते. वस्तुतः ते टी. व्ही. राघवन् हे स्वयंशिक्षित चित्रकार होत. समुद्रातील अजस्र प्राणी, मुखवटे घातलेल्या वन्य टोळ्या, पंख असलेले राक्षस अशी अद्भुताची सारी सृष्टी त्यांनी मासिकाच्या आरंभापासून उभी केली. एम्. टी. व्ही. आचार्य ह्यांनी महाभारताच्या चित्रांना भारदस्तपणा दिला. वड्डादि पापय्या हे आंध्रातील आपल्या गावी राहून मुखपृष्ठांसाठी रंगीत चित्रे पाठवीत. आणि ‘शंकर’, म्हणजे के. सी. शिवशंकरन् (१९२४–२०२०), मद्रासच्या शासकीय कलाशाळेत शिकून पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी मासिकात आले ते अखेरपर्यंत राहिले. मंदिरशिल्पाचे तपशील, वस्त्रांच्या चुण्या, दागिने, शस्त्रे ह्यांची अचूकता हा त्यांचा विशेष. २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्या बालपणीचा ‘शंकर’ हा तमिळ चित्रकार होता हे कित्येक मराठी वाचकांना नव्याने उमगले असल्यास नवल नाही.

स्टुडिओ आणि मासिक ह्यांचे धनी एकच असल्यामुळे एक गोष्ट घडली. कल्पनेतील भव्यता डोळ्यांपुढे कशी उभी करावयाची, ह्या प्रश्नावर ह्या परिसरात एकाच वेळी दोन माध्यमांत काम चालू होते. विजय संस्थेचे ‘पाताळभैरवी’ (१९५१) व ‘मायाबजार’ (१९५७) हे चित्रपट आणि मासिकातील चित्रे ह्यांत मांत्रिक, राक्षस, मायावी नगरी अशी सामग्री समान आहे. ‘मायाबजार’ची कथा तर मराठीला जवळचीच. व्यासांच्या महाभारतात नसलेली ही लोकपरंपरेची कथा तेलुगूत शशिरेखेची, आणि मराठीत सुरेखेची किंवा वत्सलेची. बाबूराव पेंटर ह्यांनी १९२१ साली ‘सुरेखाहरण’ व १९२३ साली ‘वत्सलाहरण’ हे मूकपट काढले ते ह्याच कथेच्या परिवारातले. कथा सर्वांची होती. प्रत्येक भाषेने तिला आपले नाव दिले होते. तिला दिसेल असे रूप देण्याचे काम विसाव्या शतकात कोल्हापूर, मद्रास अशा निरनिराळ्या ठिकाणी झाले.

५

‘चांदोबा’तील सर्वांत टिकाऊ प्रतिमा निःसंशय विक्रम-वेताळाची. उपसलेली तलवार हाती घेतलेला राजा, त्याच्या खांद्यावर प्रेत, सभोवार कवट्या व साप, मागे स्मशानातील झाड: शंकर ह्यांच्या ह्या चित्राने कथामालेचे रूप कायमचे निश्चित केले. प्रत्येक महिन्याची गोष्ट एकाच प्रकारे सुरू होई. राजा झाडाकडे परत येई, प्रेत खाली काढी, खांद्यावर टाकी आणि मौनाने चालू लागे. गोष्टीच्या अखेरीस उत्तर दिल्यामुळे त्याचे मौन मोडे आणि वेताळ झाडावर परत जाई. मूळ संग्रहातील पंचवीस कथा केव्हाच संपल्या. मासिकाने नव्या कथा रचून ही माला कित्येक वर्षे चालविली. मुळात राजाला अखेरच्या कथेवर उत्तर सुचत नाही आणि त्याची सुटका होते. ‘चांदोबा’च्या राजाला ही सुटका मिळाली नाही. वाचक मोठा झाला तरी राजा चालतच राहिला. आणि प्रतिमा मनात ठसण्याचे मोठे कारण ही पुनरावृत्ती हेच आहे.

आता ही कथा मुळात कोठली? सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त राजाचे नाव त्रिविक्रमसेन आहे, आणि तो राज्य करतो ते नगर आहे गोदावरीच्या तीरावरील प्रतिष्ठान, म्हणजेच पैठण. बृहत्कथेच्या परंपरेचा सातवाहनांशी जोडला जाणारा संबंध ध्यानात घेता हे स्वाभाविकच होय. म्हणजे मद्रासहून दरमहा टपालाने महाराष्ट्रात येणारा हा राजा मूळ कथेप्रमाणे मराठवाड्याचा रहिवासी होता. ‘चांदोबा’च्या वाचकाला हे कळण्याचा मार्ग नव्हता. त्याच्या मनातील विक्रम हा उज्जयिनीचा विक्रमादित्य होता, आणि चित्रातील त्याचे दागिने, वस्त्रे व मागचे प्रासाद दाक्षिणात्य मंदिरशिल्पाच्या वळणाचे होते. ह्यात आणखी एक विशेष असा, की पैठण हे चित्र दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथी परंपरेचेही नाव आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीला ती परंपरा आजही जिवंत आहे. चित्र पुढे धरून गोष्ट सांगण्याची मराठीची जुनी रीत, आणि पैठणच्या राजाची जुनी गोष्ट, ह्या दोन्ही मराठी मुलापर्यंत पोहोचल्या त्या तेलुगू लेखणी व तमिळ कुंचला ह्यांच्या द्वारा.

वेताळाचेही तसेच. मराठी माणसाच्या घरचा वेताळ वेगळा होता. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा—जयवंत दळवी ह्यांच्या गावचा—हा ग्रामरक्षक देव आहे. रात्री तो गावाभोवती फिरतो, त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून नवस फेडताना त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपलांचा जोड आणि केळ्यांचा घड वाहतात. गोव्यात बेताळाच्या उभ्या पाषाणमूर्ती गावोगावी आहेत. लोलये येथील मूर्ती प्रसिद्ध आहे. देशावर वेताळाच्या पालखीच्या, भुतांच्या मशालींच्या गोष्टी सांगितल्या जात, आणि पुण्याच्या एका टेकडीलाही त्याचे नाव आहे. हा वेताळ आपल्या पायांवर उभा असतो, गाव राखतो, आणि त्याला भ्यावयाचे ते चुकल्यामुळे. ‘चांदोबा’तला वेताळ ह्याच्या अगदी उलट. त्याला पाय असून उपयोग नाही. तो दुसऱ्याच्या खांद्यावरून जातो, राखण करीत नाही, प्रश्न विचारतो.

ह्या दोन वेताळांची गाठ मराठी मनात पडली तेव्हा काय झाले? कोकणातील देवळांत काही फरक पडला नाही. वेतोबाच्या वहाणा आजही झिजतात. परंतु शहरात वाढलेल्या, गावच्या देवस्थानाशी संबंध उरला नाही अशा वाचकाच्या मनात ‘वेताळ’ म्हणताच उभे राहू लागले ते शंकर ह्यांचे चित्र. १९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागर ह्यांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका आली. खांद्यावर वेताळ घेऊन चालणारा राजा पाहताच प्रेक्षकांना तो ओळखीचा वाटला, कारण ही प्रतिमा त्यांच्या मनात आधीच घर करून होती. मराठी लेखनात, व्यंगचित्रांत आणि अग्रलेखांत ‘मानगुटीवर बसलेला वेताळ’ जेव्हा जेव्हा येतो, तेव्हा तो गावदेव असत नाही, वडपळनीचा असतो.

६

दोन्ही प्रवास एकत्र ठेवून पाहिले असता काही सामान्य गोष्टी हाती लागतात. पहिली ही, की प्रतिमा सीमा ओलांडते ती एखाद्या सहज ओळखू येणाऱ्या आकाराच्या बळावर. शिवाजी गणेशन् ह्यांची ताठ मान व रोखलेली नजर, किंवा वाकलेल्या राजाच्या खांद्यावरचे प्रेत, हे आकार मजकुराविनाही कळतात. दुसरी, की पुनरावृत्ती तिला रुजविते. फलक दर चित्रपटाला बदलतो पण चेहरा तोच राहतो. गोष्ट दर महिन्याला बदलते पण शीर्षचित्र तेच राहते. तिसरी, की रुजत असताना ती आपले मूळ गाव आणि आपला कर्ता ही दोन्ही मागे टाकते. तमिळ शिवाजीतून रायगड गेला आणि अण्णादुरै ह्यांचा प्रश्नही गेला. मराठी वेताळातून पैठण गेले आणि चित्रकाराचे नावही गेले.

येथे असा आक्षेप घेता येईल, की चित्राला भाषा नसते, ते सर्वांचेच असते, तेव्हा त्याला गाव विचारण्यात काय अर्थ? वरील दोन्ही उदाहरणे ह्या आक्षेपाचे उत्तर देतात. चित्राला भाषांतर लागत नाही हा केवळ भास आहे. पाहणारा ते आपल्या स्मृतीच्या भाषेत वाचतोच. वेतोबाला चपला वाहणाऱ्या घरातील मुलाने पाहिलेला वेताळ आणि हैदराबादच्या मुलाने पाहिलेला वेताळ हे एकाच ठशातून छापलेले असले तरी एक नव्हेत. शब्दाच्या भाषांतरात काय हरपले हे मूळ संहिता शेजारी ठेवून सांगता येते. चित्राच्या बाबतीत हरपलेले दिसत नाही, कारण चित्र जसेच्या तसे समोर असते. म्हणूनच त्याचा अभ्यास अधिक कठीण आहे, आणि अधिक आवश्यकही.

मराठी वाङ्मयेतिहासाने ‘चांदोबा’ची दखल घेतली ती बहुधा भाषांतरित बालमासिक म्हणून, एखाद्या वाक्यात. मजकूर मराठीत लिहिलेला नाही, चित्रकार मराठी नाहीत, छपाई महाराष्ट्रातील नाही. मग ते मराठी साहित्य कसे, असा ह्यामागील तर्क दिसतो. परंतु साहित्य वाचकाच्या मनातही घडते, हे मान्य केले तर दोन पिढ्यांच्या मराठी वाचकांची अद्भुताची कल्पना ज्या पानांनी घडविली ती पाने इतिहासाबाहेर ठेवता येणार नाहीत. दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर ह्यांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून मराठी मध्यमवर्गाला स्त्री आणि देव कसे दिसतात हे शिकविले, असे आपण म्हणतो; त्याच न्यायाने भूत कसे दिसते हे शिकविणाऱ्या शिवशंकरन् ह्यांचे नावही त्या यादीत यावयास हवे.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. फलकांची कला संगणकावर छापलेल्या प्लास्टिकच्या फलकांमुळे मागे पडली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर चेन्नईतील रस्त्यांवरचे मोठे फलक उतरविण्यात आले. रंगविलेले कापड पुन्हा वापरण्याची रीत असल्याने जुने फलक बहुतांशी नष्टच झालेले आहेत. पुढे महापालिकेने अण्णा सालैच्या भिंतींवर तमिळ संस्कृतीची चित्रे रंगविण्यासाठी जुन्या फलकचित्रकारांना बोलाविले. त्यांची हातोटी त्या भिंतींवर काही काळ तरी दिसली. ‘चंदामामा’ १९९८ साली वर्षभर बंद पडून पुन्हा सुरू झाले, २००७ साली मुंबईच्या एका संगणकव्यवसायी कंपनीकडे गेले, आणि २०१३ साली थांबले. जे शिल्लक आहे ते घराघरांतील बांधीव खंडांत आणि रद्दीच्या दुकानांत.

ह्या खंडांची निरनिराळ्या भाषांतील पाने एकमेकांशेजारी ठेवून पाहणे, हे भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला सहज करता येण्याजोगे काम आहे. चित्र एकच आणि त्याभोवती तेलुगू, तमिळ, मराठी, ओडिया असा मजकूर: तुलनेसाठी इतके सोयीचे साधन दुसरे क्वचितच मिळेल. कोणत्या भाषेने राजाला कसे संबोधिले, वेताळाच्या तोंडी आदरार्थी रूप आले की एकेरी, चित्रात स्पष्ट दिसणारी कोणती गोष्ट कोणत्या भाषांतरकाराने सांगितली आणि कोणत्या भाषांतरकाराने गृहीत धरली, हे त्यातून दाखविता येईल. टी. नगरच्या रस्त्यावरील पाटीवर ‘शिवाजी’ वाचणारा तमिळ नागरिक आणि ‘चांदोबा’च्या पानावर वेताळ पाहिलेला मराठी वाचक हे दोघेही दुसऱ्याच्या घरची वस्तू आपली म्हणून वापरीत आले आहेत. ती वस्तू कोणाची हा वाद घालण्यात स्वारस्य नाही. मात्र ती कोणत्या हातांनी घडविली, आणि कोणत्या वाटेने आली, एवढी नोंद दोन्ही भाषांच्या इतिहासांत असावयास हवी.